धक्क्यावरून शहरात, खासगी गाडी

आई जिवंत असताना गाडीवाल्याला पत्र लिहिणारा मुलगा जमुनाकाकीनं आपल्या साठ वर्षांत पाहिला नव्हता. मुलं आईला विसरतात, हे तिला ठाऊक होतं. शमें ग्रेनिए गावाच्या निम्म्या घरांतले मुलगे लंडनला नाहीतर फ्रान्सला जाऊन विसरले होते. पण विसरणं वेगळं. ह्यानं गाव लक्षात ठेवलं, गावातली टॅक्सी लक्षात ठेवली, टॅक्सीवाल्याचा पत्तासुद्धा लक्षात ठेवला, आणि आईला तेवढं चार ओळींचं पत्र टाकलं नाही. ह्याला विसर म्हणत नाहीत. ह्याला माज म्हणतात.

आणि तिला हे कळलं तरी सरळ कळलं का? सत्यदेवची गाडी तीन दिवस दारावरून हॉर्न न वाजवता गेली, म्हणून कळलं.

सत्यदेव चार घरं पलीकडचा. तिच्या यशपालबरोबर शाळेत गेलेला, संध्याकाळच्या बैठकेच्या शाळेत त्याच्याच चटईवर बसून मराठी मुळाक्षरं गिरवलेला. सकाळची पहिली खेप घेऊन निघाला की काकीच्या दाराशी दोनदा हॉर्न वाजवायचा. एक 'आहेस का' म्हणून आणि एक 'येतो' म्हणून. नवरा गेल्यापासून त्या घरात सकाळचा तेवढाच दुसऱ्याचा आवाज. तो तीन दिवस बंद पडला, तेव्हा चौथ्या दिवशी काकी खराटा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

सत्यदेवनं करकचून ब्रेक मारला. "आयो, काकी! मरायचंय का?"

"मी मेलेच असं समजलास ना तू? तीन दिवस सुतक पाळल्यासारखा गुपचूप जातोयस दारावरून."

मागच्या सीटवर बसलेल्या दोघी बायका तोंडावर पदर धरून हसल्या. सत्यदेव हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोटं बोलायची वेळ आली की लहानपणापासून त्याच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि काकीनं त्या हजारदा पाहिल्या होत्या.

"दुपारी घरी ये," ती म्हणाली. "खिशात जे काय लपवलंयस ते घेऊन ये."

दुपारी तो आला. पत्र फ्रेंचमध्ये होतं. त्यानं ते आधी मनात वाचलं, मग मराठीत सांगितलं, आणि सांगताना जमिनीकडेच बघत राहिला.

यशपाल बायकोला घेऊन बोटीवरून फिरायला निघाला होता. मोंबासा, सेशेल्स, मग मॉरिशस. बोट चौदा डिसेंबरला सकाळी आठला पोर्ट लुईच्या धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. धक्क्यावरून शहरात न्यायला आणि चारला परत सोडायला गाडी पाहिजे. बोटीवाल्यांची बस नको, चाळीस माणसं कोंबतात. गाडी खासगी पाहिजे, दुसरे उतारू घ्यायचे नाहीत. आणि शेवटची ओळ : घरी काही बोलू नकोस.

"घरी म्हणजे कुणाच्या घरी?" काकीनं विचारलं.

"तुझ्याच, काकी. माझ्या घरी बोललो तर त्याचं काय जातंय?"

काकी उठली. चुलीवरचं भांडं उतरवलं, परत ठेवलं. मग बोटांवर हिशेब केला. आठ ते पाच म्हणजे नऊ तास. पोर्ट लुईहून गावाला यायला दीड तास, जायला दीड तास. म्हणजे सहा तास हातात उरतात. वेळ नाही म्हणून येत नसता, तर तिनं समजून घेतलं असतं. पण सहा तास हातात असून जो येत नाही, त्याला यायचंच नाही.

"का?" ती म्हणाली. ते तिनं सत्यदेवला विचारलं नव्हतं. पण सत्यदेवनं उत्तर दिलं.

"काकी, तू त्याला पत्र लिहिलं होतंस. शहात्तर साली. काका गेले तेव्हा."

"मी कुठलं लिहिते? तू लिहिलंस."

"तू सांगितलंस, मी लिहिलं."

ते खरं होतं. नवरा गेला तेव्हा यशपालला तार गेली. तो इंग्लंडात नर्सचं काम शिकत होता, परीक्षा तोंडावर होती, आला नाही. अग्नी पुतण्यानं, लक्ष्मणनं दिला. डोकंही त्यानंच केलं. एकुलता एक मुलगा असताना पुतण्याचं गुळगुळीत डोकं बघून गावातल्या बायका जे कुजबुजल्या, ते काकीनं तेरा दिवस ऐकलं. तेराव्या दिवशी तिनं सत्यदेवला बसवलं आणि सांगितलं, लिही. बापाला अग्नी द्यायला आला नाहीस. आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मला तोंड दाखवू नकोस.

"माणूस दुःखात चार शब्द बोलतो," काकी म्हणाली. "तुला शाळेत घातलं होतं ना? त्यातला एखादा गाळता आला नाही?"

"काकी, तूच तर परत वाचून घेतलंस. तीनदा. 'तोंड दाखवू नकोस' राहिलं होतं, ते मागाहून घालायला लावलंस."

काकीनं चुलीवरचं भांडं परत उतरवलं.

सत्यदेवनं मग हळूच सुचवलं, "बोटीवर तार जाते. एक शब्द पाठवू? ये, म्हणून?"

"माझ्या तोंडून 'ये' निघणार नाही. थुंकलेलं मी चाटत नाही."

"मग काय करू? मी तर गाडी घेऊन जाणार. त्याला 'नाही' कसं म्हणू?"

"जा ना. तुला कुणी अडवलंय?" काकीनं दारातून त्याच्या गाडीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मीही येते."

"तू?"

"पुढं बसेन. तो मागं बसेल. मी मागं वळणार नाही. तोंड दाखवू नकोस म्हटलंय मी, आवाज ऐकवू नकोस असं कुठं म्हटलंय? आठव बरं, लिहिलंयस का तसं?"

सत्यदेवनं आठवून बघितलं आणि मान हलवली. नव्हतं लिहिलेलं.

"मग झालं तर. माझा शब्दही राहिला आणि तुझी गाडीही गेली. मी कोण, ते तू सांगायचं नाहीस. तुझ्या गाडीतल्या गणपतीची आण आहे."

शुक्रवारी सकाळी ती निघाली. आधी चांगलं लुगडं काढलं होतं, जरीच्या बारीक काठाचं. मग वाटलं, चांगल्या लुगड्यातली म्हातारी लक्षात राहते. ते घडी करून ठेवलं आणि शेतावर जायचं विटकं नेसली. वाटेत उंचावरच्या क्युरपीपला धुकं होतं, खाली उतरल्यावर ऊन. दीड तासात ती एकच वाक्य बोलली : "बंदरावर गाडीचं तोंड शहराकडं करून लाव."

शहराकडं तोंड करून लावली. तिच्या समोर सिग्नलचा डोंगर होता, पाठीमागं कुठंतरी बोट. बंदरातले टॅक्सीवाले लगेच सत्यदेवच्या अंगावर आले. "ए शमें ग्रेनिए! गावची गाडी इथं उभी करतोस? इथं आमचा नंबर लागतो." त्यानं पत्र दाखवलं, गाडी आधीच ठरलीय म्हणून सांगितलं, त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि पुटपुटत मागं सरले. मग सत्यदेव फाटकाकडं गेला. काकी एकटी बसून राहिली. मांडीवर दोन्ही हात, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत.

आधी पावलं आली. एक बाईची टाचेची, एक पुरुषाची. मग घसा खाकरल्याचा आवाज. तो तिच्या नवऱ्याचा खाकरा होता, जसाच्या तसा. पंधरा वर्षं तिनं बावीस वर्षांच्या मुलाचा आवाज कानात जपून ठेवला होता. तो पातळ, फाटका आवाज आता जगात कुठंच नव्हता. त्याच्या जागी हा एक जाड, थकलेला आवाज आला होता आणि क्रेओलमध्ये म्हणत होता, "हे काय रे सत्या? प्रायव्हेट सांगितली होती ना? ही कोण?"

"ही... गावचीच म्हातारी आहे. बाजारात सोडायचीय."

"बघ डोरीन," तो इंग्रजीत काहीतरी बोलला, बायको हसली. मग परत क्रेओलमध्ये, "गाव काही सुधारत नाही. प्रायव्हेट गाडीतसुद्धा एक म्हातारी असतेच." दार उघडलं, गाडी मागच्या बाजूनं दबली. "बोंझूर, ग्राँमेर. तुमच्यावर रागावलो नाही हं, ह्याच्यावर रागावलोय."

पोटचा मुलगा तिला आजी म्हणत होता. काकीनं न वळता हात थोडा वर केला.

गाडी सुरू झाली. सत्यदेवनं काच पुसल्यासारखं करत आरसा हळूच तिच्या बाजूला कलता केला. त्याच्या मनात चांगलंच होतं. काकीनं हात लांब करून तो आरसा सरळ छताकडं फिरवला. सत्यदेवनं तशीच, मागचं काही न दिसता, गाडी हाकली.

"आई कशी आहे?" मागून प्रश्न आला.

"आहे," सत्यदेव म्हणाला.

"चालते-फिरते?"

"खराटा घेऊन रस्त्यात उभी राहते. माणसं चिरडायची वेळ येते."

मागचा माणूस मोठ्यानं हसला. "म्हणजे बरी आहे."

"यश, चल की गावाला. वेळ आहे. पाणी पिऊन परत आणतो."

"डोरीनही तेच म्हणते. तिला काय माहीत? तुला तरी माहीत असायला हवं. अक्षर तुझं होतं."

"आठ वर्षं झाली रे त्याला."

"तिनं तोंडातून काढलं की काढलं. मला सांगतोस? मी तिच्या पोटचा आहे. मी दारात जाऊन उभा राहू, आणि तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, डोरीनसमोर दार लावून घ्यावं? नको. तिनं एकदा ये म्हणू दे. एक शब्द. मी पोहत येईन."

सत्यदेवनं काकीकडं पाहिलं. गाडी बंदराच्या रस्त्यावरून मोठ्या चौकाकडं वळत होती. उसाच्या लॉऱ्या, सायकली, पालेभाजीच्या हातगाड्या. काकीनं तोंड उघडलं. शब्द एवढासाच होता, लहान पोरालाही आधी तोच येतो. पण आठ वर्षं गिळलेला शब्द वर यायला वेळ लागतो. तिनं परत तोंड उघडलं, आणि गाडी थांबली. धक्का ते शहर अंतर तरी किती? दहा मिनिटं. तेवढ्यासाठी लोक खासगी गाडी करतात!

"चारला इथंच," यशपाल म्हणाला. दारं आपटली.

पावलं लांब गेली, तेव्हा काकीनं मान वळवली. तोंड बघायचं नव्हतं; पाठीला तिनं कधी मनाई केली नव्हती. ती खाली उतरली आणि बाजारापर्यंत त्या पाठीमागून गेली. पाठ थोडी वाकली होती. डोक्याच्या मागं भाकरीएवढं टक्कल होतं, उन्हात चमकत होतं. बापासाठी डोकं केलं नाहीस, तिच्या मनात आलं, देवानं स्वतःच करायला घेतलं बघ. तिला हसू आलं आणि लगेच ते आल्याचा राग आला.

बायको गोरी, उंच, टोपी घातलेली. वेताच्या पिशव्या उचलून बघत होती. यशपालनं अननस घेतला, काप करून वर मिरची-मीठ टाकून घेतलं, आणि खाताना जिभेनं आवाज काढला. एकदा तो एकाएकी मागं वळला. काकीनं पदर ओढला आणि समोरच्या वांग्यांच्या ढिगाकडं तोंड केलं.

"ग्राँमेर," भाजीवाली म्हणाली, "घेणार आहेस की नुसतंच वांग्यांना तोंड दाखवायला आलीस?"

"तुझ्या वांग्यांना कोण विचारतंय? किडकी आहेत," काकी म्हणाली. परत बघितलं, तर टोपी गर्दीत कुठं दिसेना.

मग ती बाजाराजवळच्या कंपनीच्या बागेत जाऊन बसली. मोठमोठ्या वडांखाली सावली होती. बाकांवर कारकून आपापले डबे उघडून बसले होते. सत्यदेवनं तिला पुरीचा पुडा आणून दिला. तिनं तो मांडीवर ठेवला आणि तसाच ठेवला.

"किती वाजले?"

"साडेबारा, काकी."

अजून गावाला जाऊन, दोन घास वाढून परत यायला पुरेल, तिनं मनात धरलं. थोड्या वेळानं परत विचारलं. दीड. आता गेलं तर नुसतं पाणी पाजून परत आणता येईल. नुसतं दारात उभं करून, ओवाळून. परत विचारलं तेव्हा अडीच झाले होते, आणि आता काही पुरणार नव्हतं. ह्यानंतर तिनं वेळ विचारली नाही. शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या मुलाला रागावत होती, शर्टावर चटणी सांडली म्हणून. काकी ते कान देऊन ऐकत राहिली, ती उठून जाईपर्यंत.

चारला दोघं आली. पिशव्यांची खसखस झाली.

"ही अजून आहेच का?" यशपाल म्हणाला. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

"आता गावालाच जाणार आम्ही," सत्यदेव म्हणाला.

गाडी निघाली. बंदराचं फाटक दिसायला लागलं, तेव्हा एक पुडकं सीटवरून पुढं आलं. "ग्राँमेर, जरा मांडीवर धरता? सत्या, हे आईला दे. लोकरीचा स्वेटर आहे. क्युरपीपला कुणाकडं गेली तर थंडीत होईल. मोठ्या मापाचा घेतलाय, ती अंगानं भरलेली आहे. पोस्टानं आलं म्हणून सांग. मी आलो होतो ते नको सांगूस."

काकीनं पुडकं मांडीवर धरलं. तिच्या दोन्ही मांड्या मिळून आता त्या पुडक्याएवढ्या रुंद नव्हत्या. सहा वर्षांपूर्वीच्या तापानंतर तिचं अंग जे उतरलं ते परत भरलंच नाही. हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ह्याच्या डोक्यात अजून ती जुनी, दणकट बाई चुलीपुढं बसली होती. म्हणजे डोक्यात होती तर.

गाडी थांबली. बोटीनं भोंगा दिला. फाटकातून टोप्या घातलेली माणसं लगबगीनं आत जात होती. यशपाल खाली उतरला, सत्यदेवच्या खिडकीपाशी येऊन त्यानं हात पुढं केला. सत्यदेवनं तो धरला आणि सोडलाच नाही. सांगायला गणपतीची आण आड येत होती. तो फक्त काकीकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय झालं रे तुला?" यशपाल म्हणाला.

पलीकडचं दार उघडलं. काकी उतरली. दिवसभर बसून पाय आखडले होते, तिनं गाडीच्या टपाला धरलं. पुडकं काखेत. मग तिनं पदर मागं सारला आणि वळली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड बघितलं. गाल सुटले होते, डोळ्यांखाली काळं होतं. नाक तेच.

यशपालचा हात सत्यदेवच्या हातातून सुटला. "आई?" तो मराठीत म्हणाला. बायकोनं टोपी काढली. भोंगा परत वाजला. तो गाडीला वळसा घालून येऊ लागला, अर्ध्यावर त्याचा पाय थांबला, जणू मधे कुणाचा तरी उंबरठा होता.

"सकाळी... ती तूच?" त्यानं विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"गप," काकी म्हणाली. "आता मी बोलते. शेतावर जा म्हटलं, गेला नाहीस. परदेशी जाऊ नकोस म्हटलं, गेलास. डोक्याला तेल लाव म्हणून ओरडले, लावलं नाहीस, बघ काय झालंय. जन्मात आईचं एकच ऐकलंस, यश्या. आणि नेमकं तेच ऐकायचं नव्हतं."